गोव्यातल्या नद्यांची पूरमैदानं कशी ओळखायची आणि नकाशावर कशी दाखवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूशास्त्र शिकणारे विद्यार्थी, पंचायतीच्या जैवविविधता समितीत काम करणारे, नदीकाठी जमीन असलेले शेतकरी असे बरेच जण हे प्रश्न विचारतात. उत्तरं गोव्यातल्या नद्यांपुरती आहेत. घाटावरच्या कृष्णा-भीमेची पूरमैदानं वेगळी, तिथले नियम इथे जसेच्या तसे लावले की नकाशा चुकतो.

पूरमैदान नेमकं कशाला म्हणायचं?

नदीनं स्वतः वाहून आणलेल्या गाळानं घडवलेली आणि आजही तिच्या पुराचं पाणी जिथे पसरतं अशी पात्रालगतची सखल जमीन म्हणजे पूरमैदान. यात दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळायच्या. गाळ नदीचाच आहे, पण नदी आता खाली कापत गेल्यानं पाणी तिथवर पोचत नाही, तर तो जुना नदीमंच. पाणी पोचतं, पण खाली जांभा किंवा डोंगराची माती आहे, तर ती पूरप्रवण जमीन. भूशास्त्रीय नकाशात तिला पूरमैदानाचा रंग द्यायचा नाही.

मग पूररेषा आणि पूरमैदान एकच का?

नाही. पूररेषा पाण्याच्या हिशेबातून येते. महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची धरतात. पूरमैदानाची सीमा गाळ आणि भूरूप पाहून ठरते. दोन्ही बऱ्याचदा जवळजवळ येतात, पण एकीवरून दुसरी उतरवून घेऊ नये. तुमच्या हातात हातोडा आणि वही आहे, तेव्हा गाळावर विश्वास ठेवा.

सपाट भातशेती दिसली की ती पूरमैदान धरायची का?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. गोव्यात सपाटी निदान पाच कारणांनी येते.

पहिली सपाटी सड्याची. जांभ्याचं पठार, वर काजू आणि गवत, पावसात साचणारी डबकी. हे उंचावर असतं, म्हणून सहसा घोटाळा होत नाही. पण सड्याची खालची, तुटून सरकलेली पायरी नदीजवळ आली की नवखे लोक तिला नदीमंच म्हणतात.

दुसरी खाजनांची. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ यांच्या खालच्या टप्प्यात भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलं, मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या) दारांनी आत-बाहेर सोडलं आणि त्या चिखलावर भात पिकवला. चोडण, दिवाडी, कुंभारजुवे इथली ही विस्तीर्ण हिरवी जमीन पाहताना मन पटकन पूरमैदान म्हणतं. प्रत्यक्षात ती भरती-ओहोटीनं साठवलेल्या चिखलाची आहे.

तिसरी किनारी वाळूची. सासष्टीत साळ नदी वेर्ण्याच्या बाजूनं निघून किनाऱ्याला जवळजवळ समांतर दक्षिणेला वाहते आणि बेतूलला समुद्राला मिळते. तिच्या पश्चिमेची खेर जमीन समुद्र आणि वाऱ्यानं घातलेल्या वाळूची आहे. नदी शेजारून वाहते म्हणून ती वाळू नदीची होत नाही.

चौथी डोंगरपायथ्याची, माणसानं पायऱ्या पाडून सपाट केलेली मोरड शेती.

पाचवी भरावाची. गेल्या काही दशकांत रस्ते, वसाहती आणि बाजार यांच्यासाठी शेतात टाकलेली माती. ही सपाटी खरं तर पूरमैदानाच्या डोक्यावर बसलेली असते आणि खालचं पूरमैदान झाकते. तिला नकाशात स्वतंत्र खूण द्या, कारण पाण्याची जागा तिनंच घेतलेली असते.

या पाचांना वजा केल्यावर जी उरते ती खरी पूरमैदानाची सपाटी. ती सलग नसते, तुकड्यातुकड्यांत असते. सत्तरीत म्हादईकाठी (मांडवीचंच वरच्या भागातलं नाव), साखळीजवळ वाळवंटीकाठी, खांडेपार नदीच्या मधल्या टप्प्यात, कुशावतीच्या वळणांवर, तिळारीचं पाणी घेऊन येणाऱ्या शापोऱ्याच्या वरच्या भागात.

गोव्यात ही मैदानं एवढी अरुंद आणि तुटक का?

राज्याची पूर्व-पश्चिम रुंदी जेमतेम 60-65 किलोमीटर. नदी सह्याद्रीच्या कड्यावरून उतरते आणि थोड्याच अंतरात भरतीच्या पाण्याला भेटते. वर पात्र खडकात कापलेलं असतं, रांजणखळगे आणि मोठे गोटे. तिथे गाळ टिकत नाही. खाली खाडी. मधला पट्टाच काय तो पूरमैदानाचा. त्यातही खडक मऊ असेल, फिलाइटसारखा, तर दरी रुंदावते. ग्रॅनाइटी नाइस किंवा क्वार्ट्झाइट अशा कठीण खडकाची कड आडवी आली की दरी चिमटते आणि मैदान संपतं. म्हणून गोवा समूहाच्या (गोव्यातल्या प्राचीन खडकांच्या गटाच्या) खडकांचा नकाशा शेजारी ठेवून काम करा. मैदान कुठे सापडेल याचा अर्धा अंदाज तिथेच येतो.

सुरुवात कशानं करू, नकाशानं की शेतानं?

दोन दिवस टेबलावर, मग शेतात. भारतीय सर्वेक्षण विभागाची 48 ई आणि 48 आय मालिकेतली 1:50,000 ची पत्रकं घ्या. पण त्यांतलं समोच्च रेषांचं अंतर 20 मीटर असतं, आणि पूरमैदान व त्यावरचा मंच यांतला फरक दोन-चार मीटरचा. म्हणजे तुम्हाला हवी ती सीमा दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत हरवलेली असते. रेषा पाहून सीमा आखणं म्हणजे अंदाज आखणं.

उपग्रहावरच्या उंचीच्या आराखड्यांबद्दलही सावध राहा. 2000 साली अंतराळयानातून घेतलेल्या रडार मोजणीत झाडांचे शेंडे जमिनीसारखे धरले जातात. नदीकाठी माडांची किंवा कुळागराची (सुपारीच्या बागेची) रांग असेल, तर आराखड्यात काठाला उंच बांध दिसतो आणि विद्यार्थी त्याला पूरतट (पुराच्या गाळानं काठालगत झालेला उंचवटा) म्हणून रंगवून मोकळे होतात. असा प्रत्येक ‘बांध’ जाऊन पाहावा.

पावसाळ्यातली छायाचित्रं ढगांमुळे फारशी मिळत नाहीत. सेंटिनेल-1 या उपग्रहाची रडार प्रतिमा ढगांतून पाहते. पुराच्या एक-दोन दिवसांत उपग्रह वरून गेला असेल तर पाण्याची पसरण चांगली दिसते. पण पाण्यात उभं असलेलं भाताचं शेतही तिथे काळंच दिसतं. जुलैमध्ये गोव्यात कुठलं शेत पाण्यात नसतं? पेरणीआधीच्या आणि पुराच्या, दोन्ही वेळच्या प्रतिमा ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

काठ कापलेला दिसला तर त्यात काय वाचायचं?

सगळं काही. नोव्हेंबरनंतर पाणी उतरलं की वळणाच्या बाहेरच्या बाजूला ताजा, उभा काठ उघडा पडतो. खुरपीनं हातभर रुंदीची पट्टी वरपासून खालपर्यंत साफ करा, टेप लावा आणि खालून वर वाचा.

तळाशी गोटे आणि खडी असते. गोटे चपटे असतील तर ते एकमेकांवर रेलून बसलेले दिसतात आणि नदीच्या वरच्या दिशेला कललेले असतात. हा पात्राचा थर. त्यावर भरड, मग मध्यम वाळू, तिच्यात तिरपे पदर. हा आतल्या वळणावर साठलेल्या वाळूच्या पट्ट्याचा भाग. त्यावर पोयटा, हातात घेतला तर पिठासारखा, ओला करून वळला तर लांब वळी न होता तुटणारा. कुठे चिकणमातीचा पातळ पापुद्रा, त्यावर पुन्हा पोयटा. असा प्रत्येक जोड म्हणजे पाणी काठावरून आलं, थांबलं आणि उतरलं याची नोंद. सर्वांत वर मुळांनी भुसभुशीत झालेली तपकिरी माती. खालून वर कण बारीक होत जाणं ही नदीच्या गाळाची सही आहे, आणि ती मिळाली की बाकीचे पुरावे दुय्यम.

मातीत तांबूस आणि राखाडी ठिपके एकत्र दिसले तर त्या खोलीवर पाण्याची पातळी वर-खाली होते. ठिपक्यांचा पट्टा किती खोल सुरू होतो ते मोजून लिहा. काठ उपलब्ध नसेल तर हातगिरमिट (हातानं फिरवून मातीचा नमुना काढायचं गिरमिट) चालवा. दीड-दोन मीटर खोली बहुतेक वेळा पुरते.

गोट्यांचा दगडही नोंदवा, हे काम फार जण टाळतात. दख्खनचा बेसाल्ट गोव्यात फक्त सत्तरीच्या ईशान्य टोकाला आहे. खाली साखळीकडे वाळवंटीच्या काठात घोटीव काळा बेसाल्टचा गोटा मिळाला, तर तो नदीनंच आणलाय; आसपासच्या टेकडीवरून घरंगळून येण्याची शक्यताच नाही. असा एक गोटा कधीकधी सगळा वाद मिटवतो.

डोंगरावरून आलेली माती आणि नदीचा गाळ वेगळा कसा करायचा?

गोव्यात दोन्ही लाल, म्हणून रंगावर जाऊ नका. डोंगरमातीत जांभ्याचे तुकडे कोनदार, लहान-मोठे एकत्र, पदर नाहीत, आणि जमिनीला पायथ्यापासून नदीकडे हलका उतार. नदीच्या गाळात कण निवडलेले, गोटे गोल, पदर दिसणारे, जमीन जवळजवळ समतल.

अडचण अशी की दोन्ही एकमेकांत शिरतात. मुसळधार पावसात पायथ्याची माती मैदानाच्या कडेवर येऊन पडते, पुढच्या पुरात नदी तिच्यावर पोयटा टाकते. अशा ठिकाणी सीमारेषा एक ठळक ओढण्यापेक्षा तुटक ओढा आणि ‘मिश्र’ असं लिहा. काणकोणात 2 ऑक्टोबर 2009 रोजी अतिवृष्टीनं दरडी कोसळल्या आणि अचानक पूर आला. अशा घटनेत दगड, माती, झाडं सगळं एकदम खाली येतं, आणि न निवडलेला कोनदार थर थेट ओढ्याच्या काठी बसतो. असा थर सापडला तर त्याला डोंगरमाती म्हणून मागे ढकलू नका. त्या दरीचा धोका त्यातच लिहिलेला असतो.

खाजन आणि पूरमैदान यांची सीमा कुठे?

भरतीची लाट मांडवीत मुखापासून 40 किलोमीटरहून अधिक आत जाते, गांजेच्या आसपासपर्यंत. त्यामुळे सीमा बांधाच्या जागेवरून ठरवता येत नाही. गिरमिटातून येणारी माती बघा. खाजनाखालचा चिखल निळसर-राखाडी, गच्च, चिकट. त्यात खारफुटीच्या मुळांचे काळे अवशेष आणि पुष्कळदा कुजक्या अंड्यासारखा वास. शिंपले मिळाले तर दोन्ही झडपा जुळलेल्या आणि जगताना असतात तशा उभ्या आहेत का ते पाहा. तशा असतील तर ती जागा खाडीचीच होती. सुटे, फुटके शिंपले एकट्यानं काही सिद्ध करत नाहीत, कारण आपण गोंयकार तिसऱ्या आणि खुबे खाऊन टरफलं पिढ्यानपिढ्या परसात टाकत आलोय.

मधल्या टप्प्यात खाली निळा चिखल आणि वर तपकिरी पोयटा असा क्रम मिळतो. म्हणजे एकेकाळी तिथवर खाडी होती, नंतर नदीनं गाळ भरून ती मागे सारली. पृष्ठभागाच्या नकाशात तिथे पूरमैदान दाखवा आणि काटछेदात खालचा चिखल. हा काटछेद पुढे कुणी तिथे पूल किंवा इमारत बांधायला आलं तर त्याच्या फार कामाचा ठरतो, कारण निळा चिखल वजनाखाली दबतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. खाजन पूरमैदान नाही म्हणून ते पुराच्या हिशेबातून वगळू नका. वरून पूर आणि खालून मोठी भरती एकाच वेळी आली की नदीचं पाणी मागे तुंबतं, आणि तेव्हा ही खाजनंच पाणी सामावून घेतात. साखळी-डिचोलीचे लोक पावसाळ्यात ढगांइतकंच भरतीच्या वेळांकडे लक्ष ठेवतात ते याचसाठी.

नदीमंच ओळखायची सोपी युक्ती?

मैदानावरून चालताना मांडीएवढी ते पुरुषभर उंचीची स्पष्ट पायरी लागते का पाहा. वरच्या सपाटीच्या मातीत गोल गोटे आहेत, पण माती जास्त लाल, घट्ट, लोहाच्या बारीक गाठी झालेली. ताजा पोयटा वर नाही. तो मंच. गोटे जांभ्यासारखे सांधले गेले असतील तर तो बराच जुना. मात्र पायरी आधी बांध नाही ना याची खात्री करा. गोव्यात शेताचा दगडी बांध शंभर वर्षांत मातीनं झाकून हुबेहूब मंचाच्या कडेसारखा होतो.

लाल गाळाचा वरचा थर दिसतो, तो खाणीचा का?

असू शकतो. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या लोहखाणींच्या ढिगाऱ्यांवरून पावसात बारीक माती ओढ्यांत आणि तिथून शेतांत आली. 2012 मध्ये खाणी थांबल्या तरी ढिगारे राहिले. हा गाळ साध्या जांभ्याच्या मातीपेक्षा हाताला जड लागतो, सुकल्यावर बोटांवर गडद लाल पूड सोडतो, भिंगाखाली हेमाटाइट या लोहखनिजाच्या चकचकीत पापड्या दिसतात, आणि त्याचे पदर पातळ, सलग असतात.

नकाशा करणाऱ्याला हा थर उपयोगी पडतो. मोठ्या प्रमाणावरचं खाणकाम 20व्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणून या लाल थराच्या वर जे काही साठलंय ते त्यानंतरचं. एकाच मैदानात चार ठिकाणी खणून थराची खोली मोजली, की गाळ कुठे जास्त साचतो ते कळतं. पण शेतकऱ्यांसाठी तो थर म्हणजे गेलेली जमीन आहे, हे विसरून चालणार नाही. शेतात खड्डा घेण्याआधी विचारा, आणि काय सापडलं ते त्यांना सांगून या.

गावकऱ्यांना काय विचारावं?

‘इथे पूर येतो का?’ असं विचारू नका. होय किंवा नाही एवढंच हाती लागतं. ‘जुलै 2021 ला पाणी घराच्या कुठल्या पायरीपर्यंत आलं?’ असं विचारा. 23 जुलै 2021 चा पूर 1982 नंतरचा सर्वांत मोठा असल्याचं तेव्हा सरकारनं सांगितलं होतं. म्हादई, खांडेपार आणि वाळवंटीकाठी त्याच्या आठवणी ताज्या आहेत, भिंतींवरच्या खुणाही काही घरांनी जपल्यात. शापोऱ्याकाठी इब्रामपूर, साळ (हे गाव, नदी नव्हे), चांदेल इथे ऑगस्ट 2019 बद्दल विचारा, तेव्हा तिळारी धरणाचं सोडलेलं पाणी आलं होतं. धरणाच्या पाण्याची खूण नैसर्गिक पुराच्या खुणेत मिसळू नका, दोन्हींसमोर वर्ष आणि कारण लिहा.

वयस्क माणूस भेटला तर जुनी घरं आणि देऊळ कुठे होतं ते विचारा. बहुतेक जुने वाडे डोंगराच्या पायथ्याला, शेताच्या कडेवर बसलेले आढळतात आणि मधली सखल जमीन भाताला सोडलेली असते. ती कड आणि तुमची गाळाची सीमा जुळते का, हे ताडून पाहण्यासारखं आहे. सत्तरीत नदीच्या गाळावर उन्हाळ्यात होणारी पुरण शेती जिथे होती, त्या जागाही विचारून घ्या. ताज्या गाळाचं इतकं नेमकं ज्ञान दुसऱ्या कुणाकडे नाही.

नदीनं पात्र बदललं हे कसं कळतं?

अर्धवर्तुळाकार खोलगट शेत, पावसाळ्यानंतरही ओलं राहणारं, आणि त्यात गिरमिट चालवल्यावर वर चिकणमाती, खाली एकदम वाळू-गोटे. हे सोडून दिलेलं वळण. शेतांच्या वाकड्या सीमा आणि जुनी गावहद्दही कधीकधी त्याच वळणावरून जाते. मोठ्या मैदानी नद्यांसारखी लांबच लांब नालाकृती सरोवरं इथे शोधू नका. गोव्यात मिळतात ते असे छोटे, भरून आलेले तुकडे.

कुशावतीकाठच्या उसगाळीमळची प्रागैतिहासिक कातळशिल्पं या संदर्भात पाहायलाच हवीत. नदीच्या वळणावर जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, माणसं आणि चक्रव्यूहासारखी आकृती कोरलेली आहे, आणि 1993 मध्ये ती प्रकाशात येईपर्यंत त्यांच्यावर पुराच्या गाळाचा थर होता. माणसानं कोरलं तेव्हा कातळ उघडा होता, नंतर नदीनं तो झाकला. पूर्वीचं पाणी-गाळ समजून घ्यायला एवढी उघड साक्ष दुसरीकडे क्वचितच मिळते. तिथे हातोडा पिशवीतच ठेवायचा.

सीमा किती अचूक आखता येते?

1:50,000 वर कागदाचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. सत्तरीतलं 100 मीटरचं मैदान दोन मिलिमीटरमध्ये मावतं. त्यात पूरतट, मंच आणि जुनं वळण वेगळं दाखवणं शक्य नाही. गोव्यात 1:10,000 किंवा त्याहून मोठं प्रमाण घ्या. आडवे छेद नदीला काटकोनात, एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यापर्यंत चाला. जिथे थर प्रत्यक्ष पाहिला तिथे सलग रेषा, जिथे दोन छेदांमध्ये जोडली तिथे तुटक, जिथे भरावाखाली गेली तिथे ठिपके. सगळीकडे सलग रेषा असलेला नकाशा माझ्या हाती आला की मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

गाळाचं वय काढावं लागतं का?

साध्या नकाशाला नाही, सापेक्ष क्रम पुरतो. हवंच असेल तर थरातला कोळसा किंवा लाकूड रेडिओकार्बनला द्या. सुमारे 50,000 वर्षांपर्यंत चालतं. वाळूसाठी प्रकाश-उद्दीपनाची पद्धत आहे, तिच्यात कण शेवटचे उन्हात कधी होते ते कळतं. तो नमुना अंधारात, धातूच्या नळीत घ्यावा लागतो.

कधी जावं आणि काय जपावं?

डिसेंबर ते मे. डिसेंबरात काठ ताजे असतात, मार्चनंतर पात्रात उतरता येतं. भरतीच्या टप्प्यात वेळापत्रक खिशात हवं: दिवसात दोन भरत्या, आणि रोज साधारण 50 मिनिटं उशिरा. ओहोटीत चिखलावर चालत गेलेला माणूस परतताना अडकतो. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिथला काठ होडीतून नावाड्यासोबत पाहा, एकट्यानं उतरू नका. उभ्या काठाखाली बसून नोंदी लिहू नका. पाणी उतरल्यावर ओला काठ आधाराविना असतो आणि सूचना न देता ढासळतो. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा, मानशीच्या दारांना हात लावू नका, आणि वायंगणाचं (पावसाळ्यानंतरच्या भाताचं) पीक उभं असेल तर बांधावरूनच चाला.

तयार नकाशा पंचायतीला दिला तर चालेल का?

जरूर द्या, पण सूचीत तीन गोष्टी ठळक लिहून. नकाशाचं प्रमाण, पाहणीचा महिना व वर्ष, आणि ‘हा गाळाचा नकाशा आहे, पुराच्या पाण्याची पातळी यात मोजलेली नाही’ हे वाक्य. 2021 च्या पाण्याच्या खुणा वेगळ्या चिन्हानं, उंचीसह द्या. भराव टाकलेल्या जागा गाळू नका, कितीही आग्रह झाला तरी. नकाशा मराठीत किंवा कोकणीत, वाड्यांच्या आणि व्हाळांच्या (ओढ्यांच्या) स्थानिक नावांसह असू द्या, म्हणजे ग्रामसभेत लोक आपापलं शेत बोटानं दाखवू शकतील आणि तुमची रेषा चुकली असेल तर तिथल्या तिथे सांगतील.